घाटाचा राजा आणि घाटाचा पाऊस

मुंबई–पुणे सायकल शर्यतीत दोन जणांचे नाव होते. एक अर्थातच पुण्यात पहिला पोहोचणारा. दुसरा बोरघाट सर्वांत आधी चढून जाणारा. त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. १९४० च्या दशकात सुरू झालेली ही शर्यत अधूनमधून खंड पडत चालत आली आहे. साधारण दीडशे किलोमीटरांच्या तिच्या वाटेत खोपोली ते खंडाळा हा घाट जेमतेम दहा-बारा किलोमीटरांचा. तरी शर्यत पाहायला लोक जातात ते घाटातच. आमच्यापैकी दोघे लहानपणी वडिलांच्या स्कूटरवर बसून तिथे गेले होते. त्या वर्षी कोण जिंकले ते दोघांनाही आठवत नाही. आठवतात ते वळणावर सीटवरून उठून, सगळे वजन पायडलवर टाकून चढणाऱ्यांचे चेहरे.

शर्यत बहुधा कोरड्या महिन्यांत भरते. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत हाच घाट आणखी एक जण चढत असतो: अरबी समुद्रावरून येणारा वारा. त्याच्या चढाईचा इतिहास, म्हणजे ती माणसांना कशी उमगत गेली त्याची गोष्ट, आम्ही येथे सांगणार आहोत. सायकल मध्ये मध्ये येईलच.

आम्ही चार जण. हवामान आणि भौतिकी या विषयांत काम करणारे, चाळिशी ओलांडलेले, पुण्यात वाढल्यामुळे सायकलवर बसायला न घाबरणारे. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आम्ही खोपोलीहून पुण्यापर्यंत सायकलने आलो. उद्देश फारसा गंभीर नव्हता. एकाच्या हँडलला थर्मामीटर बांधला होता आणि दर दोन किलोमीटरांवर थांबून आकडा लिहायचा असे ठरले होते. (थांबायला निमित्त हवेच होते.) खोपोलीत नुसता दमट उकाडा, घाम वाळत नव्हता. घाट सुरू झाल्यावर भुरभुर. निम्मा घाट चढून होतो न होतो तोच आम्ही ढगात शिरलो आणि पुढच्या सायकलचे मागचे चाक दिसेनासे झाले. खंडाळ्याला पाऊस असा, की बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागत होते. थर्मामीटर खोपोलीपेक्षा चार-पाच अंश खाली आला होता. लोणावळा सोडले तरी धारा चालूच होत्या. कामशेतच्या पुढे त्या विरळ झाल्या, तळेगावला नुसते आभाळ राहिले आणि पुण्यात शिरलो तेव्हा रस्ते कोरडे होते. सिग्नलला उभे असलेले लोक चिखलाने माखलेल्या आमच्या रेनकोटांकडे पाहून हसत होते.

घरी हे वर्णन ऐकून आमच्यातील एकाच्या नववीतल्या मुलीने विचारले, “पण बाबा, खंडाळा आणि पुणे जवळजवळ एकाच उंचीवर आहेत ना? मग डोंगर उतरलात कुठे?”

प्रश्न बिनतोड होता. खंडाळा समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर, पुणे सुमारे ५६०. लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. म्हणजे घाट चढून आल्यावर पुढच्या साठ-पासष्ट किलोमीटरांत सायकलस्वाराला म्हणावा असा उतार मिळतच नाही. शर्यतीत घाटात दम संपलेल्यांचे हाल होतात ते यामुळेच. आता शाळेतील ‘प्रतिरोध पर्जन्या’ची आकृती आठवा. मध्ये एक त्रिकोणी डोंगर. डावीकडे समुद्र, वर चढणारे बाण, ढग आणि पाऊस. उजवीकडे खाली उतरणारे बाण आणि ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’. आल्प्ससारख्या डोंगराला ही आकृती बरी शोभते. पण सह्याद्री त्रिकोण नाही, तो पायरी आहे. कोकणातून एकदम वर यायचे आणि मग वरच राहायचे. शिवाय खंडाळा-लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या पुढेमागे पाऊस पडतो आणि पुण्याला सातशे-साडेसातशे. उंची तीच, पाऊस पाच-सहा पट. मग पाऊस ठरवते कोण?

या पायरीची ओळख सर्वांत आधी झाली ती ओझे वाहणाऱ्यांना. बोरघाटातून तांडे आणि बैल पूर्वापार जात. १८०४ मध्ये वेलस्लीने तोफा नेता याव्यात म्हणून ही वाट दुरुस्त करून घेतली. गाड्यांसाठी पक्का रस्ता झाला तो मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात. १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला झाला. त्याच वर्षाचा घाटातील पूल पुढे बामच्या जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ या नावाने ओळखला गेला आणि एप्रिल २०२० मध्ये पाडला जाईपर्यंत उभा होता. मग आली रेल्वे. १८५६ ते १८६३ या काळात सुमारे २५ किलोमीटर लांबीचा, १,८३१ फूट चढणारा लोहमार्ग खोदला गेला. त्यावर २५ बोगदे होते आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट. १८६१ च्या सुमारास या कामावर बेचाळीस हजारांपर्यंत मजूर होते. पावसाळ्यात काम जवळपास ठप्प होई आणि कॉलऱ्याच्या साथीत शेकडोंनी माणसे मेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आला आणि काही आठवड्यांतच मरण पावला. पुढे कंत्राट त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने सांभाळले. तिचे नाव पुस्तकांत आहे. मजुरांची नाहीत. वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा नावाच्या धनगराची आख्यायिका मात्र टिकली आहे. जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे, आणि आजही ट्रकवाले तेथे नाणे टाकून पुढे जातात. आम्हीही टाकले. विज्ञानाची पदवी असली तरी घाट चढायचाच असतो.

हा चढ विजेच्या इंजिनांनाही सोपा नाही. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने जोडतात, त्यासाठी गाडी थांबते, आणि त्या थांब्यामुळेच कर्जतचा वडा प्रसिद्ध झाला. ३७ ला १ या चढाने महाराष्ट्राच्या खाद्यसंस्कृतीला दिलेली ही देणगी म्हणायची.

आता पावसाकडे येऊ. दख्खनच्या हवेची पद्धतशीर मोजमापे करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक होता विल्यम हेन्री साइक्स. तो लष्करी अधिकारी होता आणि १८२० च्या दशकात मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर फिरला. पीक, जमीन, लोकसंख्या हे त्याचे नेमलेले काम. पण या माणसाला मोजण्याचे वेडच होते. प्राणी आणि पक्षी यांचीही त्याने नोंद केली. एका चंडोलाला आजही त्याचे नाव आहे. दिवसातून कित्येकदा वायुभारमापक पाहून त्याने दख्खनच्या हवेतील भरती-ओहोटी टिपली आणि १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिच्यावर लेख लिहिला. १८५० मध्ये त्याच नियतकालिकात त्याने भारतातील वेगवेगळ्या उंचीवरच्या ठिकाणांच्या नोंदी एकत्र मांडल्या. त्यात सुमारे ४,५०० फुटांवरच्या महाबळेश्वरचा पाऊस होता: वर्षाला अडीचशे इंचांच्या आसपास. आणि निलगिरीतील ८,६४० फुटांवरचा दोडाबेटा होता. तेथील पाऊस महाबळेश्वरपेक्षा बराच कमी.

साइक्सने यावरून काढलेला निष्कर्ष असा: उंचीबरोबर पाऊस वाढत जातो, पण साडेचार हजार फुटांच्या आसपास तो सर्वाधिक होतो आणि त्याच्या वर पुन्हा घटतो. आकडे खरे होते. निष्कर्ष उंचीच्या भाषेत मांडला गेला, आणि नेमकी तेथेच गफलत होती. महाबळेश्वर आणि दोडाबेटा यांच्यात फक्त उंचीचा फरक नाही. महाबळेश्वर समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या पहिल्या पायरीच्या कडेवर बसले आहे; दोडाबेट्याला पोहोचेपर्यंत त्या वाऱ्याने पश्चिमेकडील कडे आधीच ओलांडलेले असतात. आज आपल्याला ही चूक सहज दिसते, पण साइक्सला तिच्याबद्दल हसू नये. हातात दहा-बारा ठिकाणांचे आकडे असताना त्यांतील एकच राशी सारखी डोळ्यांत भरत असेल, तर कारण तिच्यावरच ढकलले जाते. असे आमच्याकडून अजूनही होते.

हवा वर चढली की थंड का होते, आणि ती वाफ सोडते तेव्हा काय घडते, हे त्याच शतकात उलगडत होते. अमेरिकेत जेम्स एस्पी याने १८४० च्या सुमारास मांडले की वर जाणारी हवा प्रसरण पावते म्हणून थंड होते, आणि वाफेचे पाणी होताना उष्णता सुटते म्हणून पुढचे थंड होणे मंदावते. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाच्या युलियुस हान याने हेच गणित उलटे वापरून आल्प्सच्या पलीकडे उतरणारा कोरडा, गरम वारा समजावून दिला. १९०१ मध्ये फ्रिडरिश पॉकेल्स या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने डोंगराच्या उतारावर पडणारा पाऊस गणिताने काढून दाखवला. या पॉकेल्सची थोरली बहीण अ‍ॅग्नेस. तिला विद्यापीठात शिकता आले नाही. घरच्या स्वयंपाकघरात, भांडी घासताना दिसलेल्या गोष्टींवरून, तिने पाण्याच्या पृष्ठताणाचे मूलभूत प्रयोग केले. भाऊ पावसाच्या थेंबांकडे वळला आणि बहीण पाण्याच्या पृष्ठभागाकडे. वर्गात सांगण्यासारखी ही जोडी आहे.

हे गणित घाटावर घालून पाहू. कागद-पेन्सिल पुरे.

जुलैत कोकणातील हवा समजा २८ अंश सेल्सियस आहे आणि तिचा दवबिंदू २५ अंशांच्या जरा वर. ती वर चढू लागली की दर १०० मीटरला सुमारे १ अंश थंड होते. दवबिंदूही थोडा खाली सरकतो, म्हणून दोघांची गाठ पडायला दर अंशाच्या फरकाला साधारण १२५ मीटर लागतात. येथे फरक पावणेतीन-तीन अंशांचा. म्हणजे साडेतीनशे मीटरांच्या सुमारास हवा संपृक्त होते आणि ढग सुरू होतो. खोपोली सुमारे ६० मीटरवर, खंडाळा ५५० वर. तेव्हा निम्म्या घाटात आमच्या पुढच्या सायकलचे चाक नाहीसे झाले यात नवल काही नव्हते. ढग डोंगराला येऊन ‘आदळला’ नव्हता. तो तेथेच, चढत्या हवेत, आमच्याबरोबर तयार होत होता. ‘ढग डोंगराला अडतात आणि पाऊस पडतो’ हे वाक्य आपण वर्गात किती सहज वापरतो!

पुढे. वारा सेकंदाला १० मीटर वेगाने येत आहे आणि वर उचलल्या जाणाऱ्या हवेचा थर दीड किलोमीटर जाडीचा आहे असे धरू. घाटाच्या प्रत्येक मीटर रुंदीवर सेकंदाला १५,००० घनमीटर हवा चढते. चढताना प्रत्येक घनमीटरमागे सरासरी १ ग्रॅम वाफेचे पाणी झाले, तर सेकंदाला १५ किलो पाणी. ते चढाच्या वीस किलोमीटरांच्या पट्ट्यावर पसरले, तर तासाला २.७ मिलिमीटर, आणि दिवसाला सुमारे ६५ मिलिमीटर पाऊस होतो. आमची गृहीतके ढोबळ आहेत, पण उत्तर घाटातील जुलैच्या चांगल्या दिवसाच्या जवळ येते. चार महिन्यांतले निम्मे दिवस जरी असे गेले, तरी खंडाळ्याचा वर्षाचा आकडा फार दूर राहत नाही.

आणि सायकलस्वार? तो आणि सायकल मिळून ८० किलो धरले आणि चढ ५०० मीटर, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ३.९ लाख ज्यूल काम होते, म्हणजे जेमतेम ९४ किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता पाव भागाच्या आतबाहेर असल्यामुळे प्रत्यक्षात अन्न जळते ते चारशे किलोकॅलरींच्या आसपास, म्हणजे दोन-अडीच भाकऱ्या. आता वाऱ्याचा हिशेब पाहा. एक लिटर पाणी वाफेतून सुटे होताना सुमारे २५ लाख ज्यूल, म्हणजे ६०० किलोकॅलरी उष्णता हवेत सोडते. एक लिटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर केवळ एक मिलिमीटर पाऊस! घाटाच्या राजाची सगळी मेहनत रुमालाएवढ्या जागेवरच्या भुरभुरीत बसते. चढणारी हवा स्वतःची शिदोरी बरोबर घेऊन येते, ती अशी.

हे सगळे शास्त्र हाताशी असले तरी प्रत्यक्ष सह्याद्रीचा पाऊस कोणी काढून दाखवला? भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची, ब्लॅनफर्डच्या हाताखाली. पुढे खात्याचे मुख्यालय बराच काळ सिमल्यात होते. १९२८ मध्ये ते पुण्याला हलवले गेले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, आणि रिक्षावाल्याला वेधशाळा म्हटलेले कळले नाही तरी सिमला ऑफिस कळते. १९६२ मध्ये पुण्यातच उष्णदेशीय हवामानशास्त्राची संशोधन संस्था सुरू झाली. दरम्यान कोकणात आणि घाटमाथ्यावर, गावोगावच्या पर्जन्यमापकांशी, कोणी ना कोणी कर्मचारी रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून वहीत लिहीत होता. पाच इंच तोंडाचे ते नरसाळे. ताटलीएवढेसुद्धा नाही. सह्याद्रीच्या पावसाबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्याचा पाया त्या वह्यांत आहे.

१९६६ मध्ये आर. पी. सरकार या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने डोंगरी पावसाचे एक गतिकीय प्रतिमान प्रसिद्ध केले. गंमत अशी, की त्यांनी सह्याद्रीचा जो उभा छेद घेतला तो होता मुंबई ते पुणे. सायकल शर्यतीचीच वाट! किनाऱ्यावर फुग्यांनी मोजलेले वारे आणि तापमान घ्यायचे, घाटाचा आकार गुळगुळीत करून समीकरणात बसवायचा, प्रत्येक ठिकाणी हवा किती वेगाने वर किंवा खाली जाते ते काढायचे, त्यावरून पाऊस, आणि मग तो वाटेवरच्या पर्जन्यमापकांशी ताडून पाहायचा. उत्तर आले ते असे: किनाऱ्यापासून आत येताना पाऊस वाढत जातो, माथ्याच्या थोडे अलीकडे तो सर्वांत जास्त होतो, आणि माथा ओलांडताच झपाट्याने घटतो. माथ्यामागे हवा थोडी खाली दबते हेही गणितात दिसले. पुढच्या वर्षी त्यांनी एक सुधारणा केली. थेंब तयार झाला की तो सरळ खाली पडत नाही. वारा त्याला पुढे वाहून नेतो. म्हणून पाऊस गणिताने सांगितलेल्या जागेच्या जरा पूर्वेला, माथ्यापलीकडेही काही अंतर पडतो. लोणावळ्यानंतरही आम्ही का भिजत राहिलो, त्याचे हे उत्तर.

म्हणजे नववीतल्या मुलीच्या प्रश्नाचा निकाल लागला. पाऊस उंचीला पडत नाही, चढाला पडतो. खंडाळ्यात हवा चढत असते, पुण्यात तिचे चढणे संपलेले असते. दोघांची उंची एक असली म्हणून काय झाले? उलट कर्जत पाहा. समुद्रसपाटीपासून शंभर मीटरसुद्धा वर नाही, पण भिंतीच्या पायथ्याशी असल्यामुळे पाऊस तीन हजार मिलिमीटरांहून अधिक. घाटाचा राजाही उंचीवर राहण्याबद्दल निवडला जात नाही, तो चढण्याबद्दल निवडला जातो.

याची दुसरी परीक्षा पुण्याच्या सायकलस्वारांना आवडणाऱ्या दुसऱ्या वाटेवर होते. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी, आणि पुढे महाबळेश्वर. येथे आपण वाऱ्याच्या उलट दिशेने, पावसाच्या शेपटीकडून तोंडाकडे जातो. वाईला पाऊस पुण्यासारखाच. घाट चढून सुमारे १,२९० मीटरवरच्या पाचगणीला यावे, तर तो दुपटीहून अधिक. आणि मग फक्त अठरा-वीस किलोमीटर, बरेचसे सपाटीचे, चालवून महाबळेश्वरला पोहोचावे. उंची ऐंशीएक मीटरच वाढते, पण पाऊस पाचगणीच्या तिपटीच्या घरात, साडेपाच हजार मिलिमीटरांच्या पुढे. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पुण्याच्या वर्षभराच्या पावसाला तो फारसा कमी नाही. त्या पठारावर पश्चिमेकडे सायकल चालवताना झाडांवरचे शेवाळ दाट होत जाते, घरांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधलेल्या दिसू लागतात. पर्जन्यमापक नसला तरी चालेल.

सरकारांच्या गणिताने सगळे संपले असे मात्र नाही. त्यांनाही घाटातील पावसाचा मोठा भाग मिळाला, सगळा नाही. वारा तितकाच जोरदार असूनही घाट कोरडा राहिला असे दिवस असतात. ओलसर थर किती जाड आहे आणि बंगालच्या उपसागरात काय शिजते आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. १९८४ मध्ये ग्रॉसमन आणि डुरान या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७९ च्या मान्सून मोहिमेतील निरीक्षणांवरून दाखवले, की सह्याद्रीची चाहूल वाऱ्याला समुद्रावरच लागते. भिंतीपुढे हवा मंदावते, तुंबते आणि किनाऱ्याच्या पलीकडे, पाण्यावरच, चढू लागते. शर्यतीत घाट यायच्या आधीच जथ्थ्याचा वेग बदलतो, तसे काहीसे. २०१२ मध्ये पुण्याच्या संस्थेने महाबळेश्वरला ढगांच्या भौतिकीची प्रयोगशाळा उभारली आणि वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावर रडार बसवले. त्यांतून दिसले, की घाटमाथ्यावरचा बराचसा पाऊस उंच, गडगडणाऱ्या ढगांतून येत नाही. तो बुटक्या ढगांतून येतो. त्यांचा माथा गोठणबिंदूपर्यंतही पोहोचत नाही, आणि थेंब एकमेकांवर आदळून वाढतात. आमच्या सायकल सहलीत एकदाही वीज चमकली नव्हती, हे तेव्हा आठवले.

जगात अशा हवामानासाठी गाजलेला आणि सायकलस्वारांनाही खुणावणारा दुसरा डोंगर म्हणजे अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टन. उंची १,९१७ मीटर. माथ्यावर १९३२ पासून वेधशाळा आहे आणि तेथे १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर चक्रीवादळात त्याहून मोठा आकडा मिळेपर्यंत तो जागतिक विक्रम होता. १८६१ मध्ये खुल्या झालेल्या तेथील रस्त्यावर १९७३ पासून सायकल शर्यत होते. १२ किलोमीटरांत सरासरी १२ टक्के चढ, बोरघाटाच्या दुपटीहून जास्त. तेथे डोंगराचे वैर वाऱ्याशी, आपल्याकडे पाण्याशी. मात्र एक फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर निरीक्षक आणि पाहुणे असतात. सह्याद्रीच्या चढावर गावे आहेत.

मुंबईकडून येताना चौकच्या आसपास डावीकडे इर्शाळगड दिसतो. शर्यतीतले सायकलस्वार त्याच्या समोरून जातात, पण त्यांचे लक्ष पुढच्या घाटावर असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री, संततधार पावसात, या गडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकरांच्या वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. त्याआधी २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये, आणि ३० जुलै २०१४ रोजी माथ्याच्या अलीकडे, पुणे जिल्ह्यातील माळीण. तिन्ही जुलैतल्या. दरड कोसळायला पावसाखेरीज इतरही कारणे लागतात: माती, खडकातील भेगा, उताराशी केलेली छेडछाड. पण पावसाचा आकडा तरी नेमका हवा. आणि तो चढाला पडणारा पाऊस असेल, तर पाच-दहा किलोमीटरांवर तो दुप्पट किंवा निम्मा असू शकतो. तालुक्याच्या गावी बसवलेल्या नरसाळ्याने डोंगराच्या कुशीतील वाडीवर काय पडले ते सांगता येत नाही. स्वयंचलित मापके आता वाढली आहेत. परंतु उताराउतारावर ती बसवायची तर संख्या फार मोठी लागेल.

त्यावरून आठवले. सहलीच्या वेळी आम्ही आणखी एक उद्योग केला होता. खोपोली, खंडाळा, कामशेत आणि पुणे येथील चार परिचित शिक्षकांना एकसारखे, उभ्या भिंतींचे पत्र्याचे डबे दिले. शनिवारी सकाळी साडेआठला ते गच्चीवर, झाडाच्या आणि भिंतीच्या आडोशापासून दूर ठेवायचे आणि रविवारी सकाळी साडेआठला पट्टी बुडवून खोली लिहायची. तोंड केवढेही असले तरी भिंती सरळ असल्या म्हणजे खोली हाच पाऊस, हे मुलांना पटवायला या प्रयोगासारखा दुसरा नाही. तीन डब्यांचे आकडे आले. कामशेतचा खोपोलीपेक्षा कमी, पुण्याचा नावापुरता. खंडाळ्याच्या सरांनी मात्र फोनवर सांगितले, “तुमचा डबा लहान पडला हो. रात्रीतच काठोकाठ भरून वाहत होता.” त्यामुळे आमच्या तक्त्यात त्या रकान्यात आकडा नाही. तेथे डब्याची उंची लिहिली आहे आणि तिच्यापुढे ‘पेक्षा जास्त’.